खटकचिंचोळीचं औषध

बाळंतपणाच्या खोलीतून दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन मी बाहेर आले, की बाकावरची सगळी माणसं एकदम उठायची. पहिला प्रश्न मुलगा की मुलगी. तो सोपा. त्याच्या उत्तरानं काही चेहरे फुलायचे, काही पडायचे, आणि पडलेल्यांना मी तिथल्या तिथं दोन शब्द सुनावायचे. मग एखादी म्हातारी दुपट्याचं टोक बाजूला सारून, मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "कुणावर गेलंय गं?" एरवी मी हसून सांगायचे, "अजून कुठं जाणार, आत्ता तर आलंय." पण अधूनमधून एखादं बाळ असं असायचं, की या प्रश्नाचीच मला धास्ती वाटायची. मी दुपटं ओढून घ्यायचे आणि "वारं लागायलंय" म्हणत आत पळायचे.

नर्सच्या आठवणी म्हटलं की लोकांना सेवा, त्याग वगैरे आठवतं. मला ती धास्ती आठवते. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं तेवढं ठेवलंय, कारण ते बदललं तर औषधाचं नाव बदलावं लागेल, आणि ते औषध आमच्या भागात एके काळी भलतंच गाजलं होतं.

मी जनवाड्याची. वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. "घरातले देव मांजरा नदीत सोडले आणि हिला शाळेत सोडलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. शाळेतून मी नर्सिंगला गेले आणि तिथून गुलबर्ग्याच्या एका खाजगी प्रसूतिगृहात. गुलबर्ग्याचं कलबुर्गी व्हायला तेव्हा फार अवकाश होता. डॉक्टरबाई धारवाडकडच्या. कन्नड आणि इंग्रजी फर्डं, मराठी "पोट दुकता काय?" एवढ्यावर संपायचं. आणि पेशंट आळंदचे, भालकीचे, बसवकल्याणचे. बाजारापुरतं कन्नड आमच्याकडे सगळ्यांना येतं, पण पोटातलं आणि मनातलं बोलायला घरची बोलीच लागते. त्यामुळे इकडून बाई, तिकडून पेशंट आणि मधे मी. सुया टोचण्यापेक्षा जास्त काम माझ्या जिभेला होतं, आणि जीभ, खरं सांगायचं तर, मला बरी दिलेली आहे.

मूल होत नाही म्हणून आधी यायची ती बायको, सासूबरोबर. तिची तपासणी व्हायची, ती ठीक निघायची, आणि मग मी म्हणायचे, "आता यांच्या मालकांना पाठवा." त्यावर सासू माझ्याकडे असं बघायची, जणू मी तिच्या घरावर दरोडा घालायला निघालेय. मालक आले तरी रुंद तोंडाची ती छोटी बाटली हातात घेताना अंगापिंडानं धिप्पाड माणसं घामाघूम व्हायची. काहींच्या तपासणीत बीज थोडं निघायचं, त्यांना औषधपाणी चालायचं. काहींच्या तपासणीत काहीच निघायचं नाही. त्यांना औषध नव्हतं.

अशांसाठी डॉक्टरबाईंकडे एक इलाज होता. मेडिकल कॉलेजातला एखादा निरोगी मुलगा त्या तपासून निवडायच्या. त्याचं बीज घेऊन, दिवस बघून, बायकोच्या पिशवीत सोडायचं. नवरा-बायको दोघांची राजीखुशी असेल तरच. देणारा आणि घेणारे एकमेकांच्या नजरेला पडायचे नाहीत. साठवून ठेवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती, ताजं आणि कोमटच लागायचं. मुलगा बाईंच्या बंगल्यावर यायचा, आणि बंगला दोन गल्ल्या पलीकडे. थंडीच्या दिवसांत ती बाटली मी कमरेला, निऱ्यांच्या आत खोचून आणायचे. वाटेत ओळखीचं कुणी भेटून म्हणायचं, "आक्का, लई घाईत? या की चहाला." मी एका हातानं कमर धरून, दुसऱ्यानं नमस्कार करत सुटायचे. माझ्या कमरेत उसण भरते असा त्या गल्लीचा पक्का समज झाला होता.

आम्ही त्याला नुसतं "तो इलाज" म्हणायचो. इलाज लागू पडेल का, हे जोडपी एकदा विचारायची. सांगायचं का, कुणाला सांगायचं, कळलं तर काय, हे मात्र पुन्हा पुन्हा, जाताजाता दारातूनही. डॉक्टरबाईंचं ठरलेलं उत्तर होतं: कुणालाही नाही, आईलाही नाही, बहिणीलाही नाही. एक गुरुजी आणि त्यांची बायको बदली मागून लांब गेले, मूल घेऊनच परतले आणि हवा मानवली म्हणून सांगते झाले. एक जोडपं माझ्याच सल्ल्यानं दर्ग्यात चादर चढवून आलं, म्हणजे पुढं बोलायला काहीतरी हातात असावं. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "देणारा कोण जातीचा हाय?" विचारत होते कुणाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, थांबा, विचारून येते. आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले आणि बाहेर येऊन सांगितलं, "डॉक्टरबाई म्हणायल्यात, बाटलीवर काय लिहिलेलं नसतंय." बाईंना मी काहीच विचारलं नव्हतं.

तर माणिक आणि कस्तुरा. खटकचिंचोळीचं शेतकरी घर, पंधरा माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर. माणिक धाकटा, बोलायला कमी. थोरले नरसिंगअण्णा, ते सगळ्यांच्या वाटचं बोलायचे. कस्तुराला सासू घेऊन आली होती. ती ठीक निघाली, माणिकला बोलावलं. तपासणीत बीजच नव्हतं. बाई जे म्हणाल्या ते मी त्याच्या बोलीत सांगितलं, होईल तेवढं हळू. औषधानं होणार नाही हेही सांगितलं. तो खाली बघत बसला आणि मग त्यानं एकच विचारलं, "म्हंजे हिच्यात कायबी दोष न्हाई?"

"न्हाई."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला. दुसऱ्या कुणी रिपोर्ट फाडला असता, कुणी बाईंना शिव्या घातल्या असत्या. हा "बरं" म्हणाला.

पुन्हा ती दोघं आली ती बऱ्याच महिन्यांनी, तो इलाज हवा म्हणून. कुणाकडून तरी कानावर आलं होतं. कस्तुराच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं आणि ती आल्याआल्या सांगायला लागली. सासूनं माणिकसाठी उदगीरकडची मुलगी बघितली होती. कस्तुरा वांझ, म्हणून दुसरी करायची, बोलणी होत आली होती. त्यात चंपाषष्ठी आली. त्यांच्या घरी खंडोबा. घरचे सगळे पुरुष तळी उचलायला बसले, येळकोट झाला, आणि माणिकनं तळीतला बेल-भंडारा मुठीत उचलून सगळ्यांसमोर सांगितलं, "दोष माझ्यात हाय. हिच्यात न्हाई. औषध न्हाई ह्याला." बेल-भंडारा उचलून बोललेलं म्हणजे शपथ, त्यावर त्या घरात कुणी वर तोंड करत नाही. उदगीरची बोलणी तिथंच मोडली.

"माझ्यासाठी भंडारा उचलला, आक्का," कस्तुरा म्हणाली. तिला किती अभिमान वाटत होता, ते दिसत होतं. मला मात्र पुढचं दिसायला लागलं. मी बाईंना कन्नडमधून सांगितलं आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

एरवी लोकांना वाटतं नवरा ठीक आहे, म्हणून पोट दिसलं की कुणी काही विचारत नाही. इथं साऱ्या घराला ठाऊक होतं की माणिकला मूल होणार नाही. आणि कस्तुराचं पोट दिसलं तर? गप्प बसावं तर ती बदफैली ठरणार. सांगावं तर पोर जन्मभर परक्याचं म्हणून त्या अंगणात वाढणार. त्यानं बायकोला वाचवायला जे केलं होतं, तेच आता तिच्या गळ्याशी आलं होतं.

मी हे सांगायला लागले तशी कस्तुरा पांढरीफटक पडली. तिच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. माणिकच्या आलं होतं. तो म्हणाला, "मी घरी समद्यास्नी खरं सांगतो."

"आन् लेकराला?" कस्तुरा म्हणाली. "त्याला खेळताना कुणी म्हणंल, तू कुणाचा रं? तवा काय सांगताव?"

डॉक्टरबाईंनी वाट काढली. म्हणाल्या, नवीन औषध निघालंय, त्यानं गुण आला, असं मी सांगेन. आधी नव्हतं, आता आहे. शपथ तेव्हाही खरी आणि आता मूलही खरं. कस्तुरानं लगेच मान हलवली. माणिक हलेना. "ज्या तोंडानं भंडारा उचलून खरं बोललोय, त्या तोंडानं खोटं बोलू व्हय?"

"तुमी बोलूच नगा," मी म्हटलं. "डॉक्टरबाई बोलतील. तुमी फक्त गप बसा."

गप्प बसणं त्याला जमण्यासारखं होतं. पण त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, पिवळाजर्द भंडारा. म्हणाला, "आक्का, तुमी उचलून सांगा, कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

मी म्हटलं, "आमच्या घरचे देव माझ्या बापानं नदीत सोडल्यात. मी उचलला तर नुसती हळद उचलल्यासारखं व्हईल. माझी जबान हाय, ती घ्या." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, पुडी मिटली आणि खिशात ठेवली. देणारा कोण, कसा, काही विचारलं नाही. "मला सांगू नगा," एवढंच म्हणाला.

दोनदा जमलं नाही, मग जमलं. आणि कस्तुराला चौथा लागला असेल नसेल, तोच नरसिंगअण्णा दारात हजर. उंचपुरे, डोक्याला पटका, आवाज असा की औषधांच्या कपाटातल्या बाटल्या वाजाव्यात. बाईंच्या समोर बसले आणि म्हणाले, "माझा भाऊ भंडारा उचलून म्हणलाय, औषध न्हाई. आन् आता हे. खरं काय ते कळाया पाहिजे." बाईंनी कन्नडमधून नव्या औषधाचं सांगितलं, अगदी व्यवस्थित. अण्णांना ते सगळं कळलं. कन्नड त्यांना चांगलं येत होतं. तरी त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आक्का, तुमी सांगा. आपल्या बोलीत सांगा. औषधानंच झालंय का?"

त्या घटकेला कस्तुराचं सगळं आयुष्य माझ्या जिभेवर होतं. मी टेबलाला टेकले आणि म्हटलं, "व्हय अण्णा. औषधानंच."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेची गाठ सोडून त्यांनी भंडारा काढला आणि आधी बाईंच्या, मग माझ्या कपाळाला लावला. मी लावून घेतला. त्या खोट्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मुलगी झाली. सुवर्णा. अण्णांनी पेढे गावभर वाटले, आणि त्याहून जास्त, औषधाची बातमी वाटली.

इथून आमची परेशानी सुरू झाली. अण्णा बाजारात बोलायचे, जत्रेत बोलायचे, एसटीत शेजारी बसलेल्याला सांगायचे. "खटकचिंचोळीचं औषध" मागायला माणसं यायला लागली. एकानं तुपाचा डबा आणला, एकानं आपल्या म्हशीसाठी चालेल का विचारलं. मी सांगायचे, प्रत्येकाला लागू पडत नाही, तपासून बघावं लागतं. तपासणीच्या बाटलीला घाबरून निम्मे तरी परत जायचे. आम्ही दोघी हसायचो खऱ्या, पण बाई एकदा म्हणाल्या, "हे कधीतरी आपल्या दारात येऊन बसणार बघ."

ते आलं, अण्णांच्याच लेकीच्या रूपानं. सुरेखा आळंदला दिली होती, जावई दिगंबर तिथल्या मार्केटात तुरीचा व्यापार करायचा. लग्नाला वर्षं झाली, मूल नाही. अण्णा दोघांना घेऊन आले, स्वतःच्या घरी आल्यासारखे बसले आणि म्हणाले, "माझ्या भावाला दिलाव ते औषध द्या." दिगंबरची तपासणी केली. त्यातही बीज नव्हतं.

बाई म्हणाल्या, यांना ते औषध चालणार नाही. मी अण्णा नसताना दिगंबरला बाजूला घेऊन त्या दुसऱ्या इलाजाचं सांगितलं. तो उसळला. "चुलत सासऱ्याला औषधानं गुण येतो, मग मला कामून न्हाई? औषध असताना मी दुसऱ्याचं कामून घेऊ? पैसा कमी पडतोय असं वाटायलंय का तुमाला?" काय सांगणार? माझीच जबान माझ्या आडवी आली होती. पुढची दोन वर्षं तो कुठल्या कुठल्या वैदूंच्या पुड्या खात हिंडला, मधूनमधून आमच्याकडे येऊन हात जोडायचा, कधी भांडायचा. सुरेखा मागं उभी राहून नुसती पदर चाळवायची. शेवटी शेवटी ती फार वाळली. मग एके दिवशी कळलं, सासरच्यांनी तिला पेटीसकट माहेरी पाठवलंय आणि दिगंबरसाठी मुलगी बघायला लागलेत.

हे मला सांगितलं कस्तुरानं. सुवर्णाचा खोकला दाखवायचं निमित्त करून ती गुलबर्ग्याला आली होती. सात-आठ वर्षांची पोर ओसरीच्या पायऱ्यांवर उड्या मारत होती, खोकल्याचं नाव नव्हतं. कस्तुरा बाकाच्या कडेला बसली. "सुरेखा माझ्याच खोलीत झोपती, आक्का. रडत न्हाई. त्या उदगीरच्या पोरीचं बोलणं चाललं होतं तवा मी बी अशीच पडून राहायचे." मग तिनं विचारलं, "औषध न्हवतं म्हणून सांगितलं तर?"

"तुमचं तुमी ठरवायचं. माझी जबान हाय, मी काय बोलणार न्हाई. बोला म्हणूनबी सांगणार न्हाई."

"मला ह्या पोरीचं भ्याव वाटतंय." तिनं सुवर्णाकडे बघितलं. "दिगंबररावाला सांगितलं आन् त्यांनी रागाच्या भरात आळंदच्या बाजारात बोललं तर? हिला कोण पदरात घेईल?" तिचे हात इतके थंड होते की मी ते दोन्ही हातांत धरून चोळले. ती भीती खोटी नव्हती. होईल सगळं ठीक, असं म्हणायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात ती चौघं बाईंच्या खोलीत बसली: माणिक, कस्तुरा, सुरेखा आणि माणिकनं आळंदला जाऊन समजावून आणलेला दिगंबर. अण्णांना ठाऊक नव्हतं. "भावजीला न्हाई सांगायचं," ही कस्तुराची अट होती. "त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." माणिकनं पुडी काढली, भंडारा मुठीत घेतला आणि तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. कस्तुरानंच सांगितलं, एका दमात, खाली मान घालून. औषध नव्हतं. सुवर्णा त्या इलाजाची.

दिगंबरनं आधी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे आक्का, तुमी मला दोन वर्स झुलवलाव?"

"मी जबान दिली होती," मी म्हटलं.

तो उठला. मला वाटलं, आता हा दार उघडून बाहेर जाणार. तो खिडकीशी गेला. बाहेर सुवर्णा आमच्या आयाबाईला पाढे म्हणून दाखवत होती. तिच्याकडे बघत त्यानं पाठमोऱ्यानंच माणिकला विचारलं, "कदी वाटलं का, आपली न्हाई म्हणून?"

माणिक म्हणाला, "ओढ्याला पाणी आलं होतं तवा हिला तापात खांद्यावर घेऊन मी भालकीला गेलतो. तूबी संगं होतास. तुला काय दिसलं?"

सुरेखा पहिल्यांदाच बोलली, "मला चालतंय. तुमाला चालत असंल तर."

त्याला चालायला अजून महिना गेला. आम्ही तो महिना कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. आळंदकडून कुणी पेशंट आलं की मी कान टवकारून बसायचे, बाजारात काही बोललं जातंय का म्हणून. काही आलं नाही. मग एके दिवशी दोघं जोडीनं आली, सुरेखाची पेटी आळंदला परत गेल्याचं कळलं, आणि यथावकाश तिला दिवस राहिले. जाताना दिगंबर दारात थबकला. "घरी काय सांगू?" मी म्हटलं, "औषधानं गुण आला म्हणा." तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

सुरेखा बाळंत झाली त्या सकाळी ओसरी भरलेली होती. दिगंबर, माणिक, कस्तुरा, पायरीवर सुवर्णा, आणि मधोमध नरसिंगअण्णा. त्यांनी बरोबर गावातला एक माणूस आणला होता, तुकाराम म्हणून. मूल नव्हतं बिचाऱ्याला. लेकीच्या बाळंतपणाला येतानाही अण्णा औषधासाठी गिऱ्हाईक घेऊन आले होते. मी बाळ घेऊन बाहेर आले. मुलगा. अण्णांनी आरोळी ठोकली.

"बघ तुक्या! आधी भाऊ, आता जावई. हाय का न्हाई औषध?"

तुकाराम चाचरत म्हणाला, "अण्णा, मी लई ठिकाणी फसलोय. खरंच औषधच हाय न्हवं?"

"आरं, भंडारा उचलून सांगतो!" अण्णांनी कमरेची गाठ सोडली आणि मूठ भरली.

मी माणिककडे बघितलं. इतकी वर्षं तो गप्प राहिला होता. गप्प बसणं हा त्याच्या लेखी खोटेपणा नव्हता, तेवढ्यावर तो जगला होता. पण आता थोरला भाऊ, ज्याला काही माहीत नाही, तो खंडोबाचा भंडारा उचलून खोटं बोलणार होता. माणिक पुढं झाला आणि त्यानं अण्णांचं मनगट धरलं.

"अण्णा, उचलू नगा."

"कामून?"

"आत चला."

ड्रेसिंगच्या खोलीत ते दोघं, मागोमाग कस्तुरा आणि बाळ कवेत घेतलेली मी. माणिक म्हणाला, "औषध न्हवतं, अण्णा." अण्णा माझ्याकडे वळले. "आक्का, तुमी तर म्हणला होताव..." मी मान खाली घातली. मग त्यांनी कस्तुराकडे बघितलं, आणि त्या नजरेला ती इतकी वर्षं भीत आली होती. पण ती हलली नाही. म्हणाली, "भावजी, डॉक्टरबाईंच्या हातानं झालंय. दुसऱ्या कुणाचं बीज, सुईनं. ह्यांना इचारून. सुरेखाचंबी तसंच, दिगंबररावास्नी इचारून. दुसरं वंगाळ काय न्हाई."

अण्णा स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस, पण आवाजच गेला होता. बाहेरून सुवर्णाचं हसू ऐकू येत होतं. तिकडे बघत हळूच म्हणाले, "मायला ठाऊक होतं?" माय जाऊन तीन वर्षं झाली होती.

"न्हाई," माणिक म्हणाला.

"लई जीव हुता तिचा पोरीवर." एवढंच बोलले. मूठ अजून मिटलेलीच होती, घामानं भंडारा ओला झाला होता. माझ्या कवेत बाळ चुळबुळ करायला लागलं. आता हे काय करतील, कुणाला काय बोलतील, काही समजत नव्हतं. बाळाला घट्ट धरून उभी होते एवढंच आठवतं.

ते उठले आणि बाहेर गेले. आम्ही मागोमाग. दिगंबर भिंतीला टेकून उभा होता, रंग उडालेला. तुकाराम घाईनं पुढं आला, "मग अण्णा, औषध?"

"मी काय डॉक्टर हाय व्हय?" अण्णा म्हणाले. "बायकोला संगं घेऊन ये आन् आक्काला एकट्यात इचार. तुमी दोघं ठरवा. आमाला सांगायची गरज न्हाई."

सुवर्णा पायरीवरून उठून आली आणि सवयीनं कपाळ पुढं करून उभी राहिली. त्यांच्या घरात भंडाऱ्याचा पहिला मान तिचा असायचा, अण्णांनीच पाडलेली रीत ती. कस्तुरानं पदर तोंडाशी नेला. अण्णांनी मूठ उघडली आणि अंगठ्यानं तिच्या कपाळभर भंडारा लावला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग दिगंबरला लावला. मग बाळाकडे वळले.

तुकारामला बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं. तो दुपट्यात डोकावला आणि मान वाकडी करून म्हणाला, "कुणावर गेलंय हो अण्णा?"

"घरावर गेलंय," अण्णा म्हणाले. "आमच्या घरावर."

आणि बाळाला सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून मी दुपटं बाजूला केलं.